खाली बसायचं नाही

खुब्याच्या ऑपरेशनबद्दल विचारणारे फोन मला आता अधूनमधून येतात. कुणाच्या सासूबाईंचं ठरलेलं असतं, कुणाच्या भावाचं. प्रश्न तेच. खर्च किती आला, दुखतं का, किती दिवसांत चालता येतं. त्याची उत्तरं डॉक्टरही देतात, मीही देते. पण फोन ठेवल्यावर वाटतं, सांगायचं ते राहूनच गेलं. ते फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहून काढते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाची बाई. माहेर औसा तालुक्यात, सासर निलंग्याकडं, राहायला लातुरात. २०२३ च्या ऑक्टोबरात माझा उजवा खुबा बदलला. वय तेव्हा पन्नाशीच्या जरा पुढं. एवढ्या लवकर खुबा कसा काय गेला, असं सगळेच विचारतात. या आजाराला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, त्याला रक्त पोचेनासं होतं, हाड आतून मरतं आणि गोळा हळूहळू खचतो. दारू, अपघात आणि स्टेरॉइड ही त्याची नेहमीची कारणं. २०२१ ला दुसऱ्या लाटेत मला कोविड झाला होता आणि स्टेरॉइड द्यावी लागली होती. त्यामुळंच झालं का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "शक्यता आहे, पण बोट ठेवून सांगता येणार नाही." ती औषधं तेव्हा मिळाली म्हणूनच आज हा प्रश्न विचारायला समोर बसलाय, असंही तेच म्हणाले. मग मी तो विषय सोडून दिला.

गंमत अशी की खराब झाला होता खुबा आणि दुखत होता गुडघा. खुब्याचं दुखणं जांघेत उठतं आणि पुष्कळदा गुडघ्यात उतरतं. गुडघ्याचे फोटो काढले तर ते अगदी स्वच्छ. कुणी सायटिका म्हटलं, कुणी वात म्हटलं, तेल चोळून झालं. शेवटी पोरांच्या घोळक्यातून उठताना भिंत धरावी लागायला लागली तेव्हा एमआरआय झाला, आणि त्यात गोळा खचलेला दिसला. त्याआधी सापडलं तर हाडात भोक पाडून आतला दाब कमी करायचं लहान ऑपरेशन करता येतं. गोळा खचल्यावर मात्र तो बदलण्यावाचून फारसा मार्ग राहत नाही.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं होतं, मी जागी होते. हातोडीचे ठोके स्पष्ट ऐकू येत होते. मांडीच्या हाडात टायटॅनियमचा दांडा ठोकून बसवतात, कमरेच्या हाडात वाटी, वाटीला आतून खास प्लास्टिकचं अस्तर आणि दांड्यावर सिरॅमिकचा गोळा. माझ्या दांड्याला सिमेंट नव्हतं. त्याच्या खरखरीत अंगावर आपलंच हाड वाढून त्याला धरून ठेवतं म्हणे. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. जखम ठणकत होती, पण जांघेतली ती जुनी कळ, जी दोन वर्षं माझ्याबरोबर झोपत होती आणि माझ्याबरोबर उठत होती, ती नव्हती. मी तिथंच हसायला लागले. नर्सला वाटलं, चक्कर येते आहे.

शेजारच्या खाटेवर किल्लारीकडच्या एक आजी होत्या. न्हाणीत घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे त्यांना ढिगाऱ्यातून काढलं होतं, अंगावर खरचटल्यापलीकडं काही नव्हतं. "भूकंपात वाचले माय, अन् साबणानं मारलं," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, आणि प्रत्येकाला नव्यानं हसू यायचं. नव्वदीकडं झुकलेल्या त्या बाईचा चेहरा पाहून मला वाटलं, आपलं तर काहीच नाही, महिनाभरात घरात फिरायला लागू.

घरात फिरायला महिना लागला नाही, त्याच्या आधीच लागले. तेवढं खरं झालं.

घरी सोडताना एक कागद मिळाला होता. ऑपरेशनचा पाय कमरेशी ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. खुबा मागच्या बाजूनं उघडला असेल तर पहिले दोन-तीन महिने हे कडक पाळावं लागतं, नाहीतर गोळा वाटीतून निसटायची भीती. त्याखाली जाड अक्षरांत छापलं होतं: जमिनीवर बसू नये, मांडी घालू नये, उकिडवे बसू नये, भारतीय पद्धतीचा संडास वापरू नये. हे नियम मात्र दोन-तीन महिन्यांचे नव्हते.

आमच्या ह्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मग खुर्चीवर बसायचं. त्यात काय एवढं?"

आता आमच्या घरात सोफा आहे. डायनिंग टेबलही आहे. त्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, लोणच्याची बरणी आणि लग्नपत्रिका असतात. जेवण खाली. भाजी निवडायची तर खाली, शेंगा फोडायच्या तर खाली, टीव्ही बघायचा तोही सोफ्याला पाठ टेकून खालीच. भाकरी मी काटवटीपुढं बसून थापते, उभ्यानं थापलेली भाकरी मला कधी जमली नाही. देवपूजा खाली. लेकीचं बाळ मांडीवर घ्यायचं तर आधी मांडी घालावी लागते. शाळेत पहिलीची पोरं सतरंजीवर, आणि त्यांच्यात बसल्याशिवाय त्यांचा हात धरून 'अ' गिरवून घेता येत नाही. रुसायचं झालं तरी माणूस भिंतीला टेकून खाली बसतं. खुर्चीवर बसून कुणी रुसत नाही.

पडल्या पडल्या मोबाइलवर वाचत असताना कळलं की आजच्या या सांध्याचा मूळ घाट इंग्लंडच्या जॉन चार्नली नावाच्या सर्जननं १९६२ मध्ये बसवला. धातूचा लहान गोळा आणि घट्ट प्लास्टिकची वाटी ही त्याचीच जोडी. माणूस थोरच. पण वाचताना हेही मनात आलं की हा सांधा खुर्चीवर जेवणाऱ्या, खुर्चीवर शिकवणाऱ्या आणि खुर्चीवरच बसून मयताला येणाऱ्या लोकांत तयार झाला. त्यांच्या माणसाला ऑपरेशननंतर त्याचं जगणं परत मिळतं. आमच्या माणसाला पाय परत मिळतो आणि जमीन जाते.

हे तेव्हा इतकं नीट कळत नव्हतं. तेव्हा नुसती चिडचिड व्हायची.

पहिले काही आठवडे घराची उंची वाढवण्यात गेले. पलंगाच्या चारी पायांखाली विटा आल्या. सोफा माझ्यासाठी बादच, त्यावर बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात. म्हणून ह्यांनी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घातल्या आणि वर टणक उशी बांधली. ती माझी जागा. कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसवली. गाऊन वर ओढायला, पडलेला टॉवेल उचलायला एक काठी, तिच्या टोकाला तारेचा आकडा. भेटायला येणारे सगळे डिंकाचे लाडू घेऊन येत होते. हाड मोडलेलं नाही, कापून टाकलंय, असं सांगून मी दमले. बाळंतिणीसारखी माझी बडदास्त चालली होती, फक्त बाळ नव्हतं आणि सव्वा महिन्यानं उठून बसायची सोय नव्हती.

ऑपरेशनआधी जोडवी काढायला लावली होती. घरी आल्यावर सासूबाईंचं पहिलं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. पण पाय घोट्यापर्यंत सुजलेला, बोटं टम्म. जोडवी चढेनात. ही सूज काही महिने राहते, संध्याकाळी वाढते, पाय वर करून पडलं की उतरते. यात घाबरण्यासारखं नाही हे मला कळत होतं. सासूबाईंना ते कसं कळावं? रोज संध्याकाळी त्या सूज बघायला म्हणून यायच्या आणि खरं तर बोटं बघून जायच्या. पोटरी एकाएकी दुखायला लागली, लाल झाली, गरम लागली तर मात्र थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. पायात रक्ताची गुठळी झाली तर ती वर सरकू शकते. त्यासाठीच रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात आणि दिवसभर पाऊल वर-खाली हलवायला सांगतात. हे मी फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगते, ते विचारोत न विचारोत.

रात्री वाईट. उताणंच झोपायचं, दोन पायांच्या मध्ये उशी. मी जन्मभर कुशीवर झोपलेली बाई. छताकडं बघत बघत पंख्याच्या पात्यावरची धूळ पाठ झाली. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होईना. रक्त कमी झालं होतं, त्यामुळं वेणी घातली तरी धाप लागायची. उजवा पाय डाव्यापेक्षा लांब झालाय असं सारखं वाटायचं. मी दोनदा टेपनं मोजायला लावला. फरक नव्हता. दोन वर्षं खचत चाललेल्या गोळ्यावर चालून कंबर एका बाजूला कलली होती, ती सरळ व्हायला लागली की असं वाटतं म्हणे.

एक दिवस ह्यांनी माझ्या पायाची नखं कापली. वाकता येत नव्हतं आणि नखं वाढून मोज्यात अडकायला लागली होती. खाली वर्तमानपत्र पसरून, चष्मा कपाळावरून नाकावर आणून, एकेक बोट धरून ते कापत होते. बारीक, जपून, हिशेब तपासावा तसे तोंड आवळून. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या पायाला हात लावला नव्हता, आणि आमच्याकडं लावतही नाहीत. करंगळीचं नख कापून झाल्यावर त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "लागलं का?" मी नको तेवढ्या जोरात म्हणाले, "आटपा लवकर." ते वर्तमानपत्र गुंडाळून निघून गेले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला राग होता तो खाली बसलेल्या माणसाचा. ते किती सहज बसले आणि किती सहज उठले.

दिवाळीच्या सुमाराला तपासणी झाली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, म्हणाले, "उत्तम. एकदम परफेक्ट बसलाय." नातेवाइकांनाही तो फोटो दाखवला. खरंच देखणा होता, पांढराशुभ्र दांडा, वर गोल टोपी. मला काही विचारायचं होतं, पण परफेक्टनंतर काय विचारणार? बाहेर येऊन गाडीत बसले आणि रडायला लागले. हे घाबरले, "दुखतंय का?" दुखत नव्हतं. तेच तर समजावून सांगता येत नव्हतं.

त्याच सुमाराला भेटायला येणारे कमी झाले. लेक रजा संपवून पुण्याला गेली. शेजारच्या एका बाईंचा गुडघा माझ्यामागून बदलला होता आणि त्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. फोनवर जो तो म्हणायचा, "अजून काठीच का?" दिवाळीत फराळ मी खुर्चीवरून करवून घेतला. करवून घेणं आणि करणं यात किती अंतर आहे ते चकलीचा सोऱ्या दुसऱ्याच्या हातात बघताना कळतं. संध्याकाळी पणत्या लावल्या त्याही दुसऱ्यांनीच, कारण पणत्या खाली असतात.

माझं मन घसरलंय हे सगळ्यात आधी ओळखलं ते फिजिओथेरपीच्या मुलानं. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा वाटेल असा कोवळा पोरगा. व्यायाम करून घेता घेता सहज म्हणाला, "मॅडम, रडू येतं का अधूनमधून?" मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "कुणी नाही. दीड-दोन महिन्यांनी पुष्कळांना येतं. सुरुवातीला जखमेकडं लक्ष असतं. जखम भरली की मग बाकीचं दिसायला लागतं." तेवढंच बोलून त्यानं पाय उचलायला लावला. सर्जनच्या हाताला तोड नाही, पण मला उभं केलं ते या पोरानं. खूप दिवस टिकलं, झोप-भूक गेली तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असंही त्यानंच सांगितलं. माझ्यावर ती वेळ आली नाही. आली असती तर गेले असते.

त्याची खरी करामत टिकल्यांची. काठी सोडली की मी बदकाची चाल चालायचे. कळ नाही तरी लंगड का, हे मला समजेना. तो म्हणाला, सांधा नवा आहे, पण त्याला सांभाळणारा कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू जुनाच आहे आणि दोन वर्षं त्यानं काम केलेलं नाही. एका पायावर उभं राहिलं की कंबर सपाट धरून ठेवायचं काम त्या स्नायूचं. तो कमजोर असला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते. मला ते पटेना, दिसेचना. मग त्यानं माझ्याच ड्रेसिंग टेबलवरचं टिकल्यांचं पाकीट मागितलं. कमरेची पुढची दोन हाडं मला बोटांनी शोधायला लावली आणि गाऊनवर दोन्हीकडं एकेक मोठी लाल टिकली लावायला सांगितली. मला कपाटाच्या आरशापुढं उभं करून म्हणाला, "आता डावा पाय उचला." मी उचलला. डाव्या बाजूची टिकली डोळ्यांदेखत बोटभर खाली आली. "टिकली पडू द्यायची नाही. एवढंच," तो म्हणाला.

त्यानंतर रोज सकाळी ओट्याला धरून पाय बाजूला उचलायचा, खाली आणायचा. मग आरशापुढं टिकल्या. कंटाळवाणं काम. आठवडेच्या आठवडे काही फरक दिसत नाही. पण कुठं बघायचं ते माहीत असलं की कंटाळा सोसतो. कधीतरी टिकली अर्धी बोटभरच खाली यायला लागली. नंतर कधीतरी ती जागची हलेना, निदान मी दहा मोजेपर्यंत. सासूबाई दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "टिकल्या कपाळाला लावतात माय, कमरेला कुठं."

काठीचंही तसंच. उजवा पाय ऑपरेशनचा, तर काठी डाव्या हातात धरायची. तशी धरली की दुखऱ्या बाजूच्या स्नायूवरचा भार हलका होतो. पण रस्त्यावर जो भेटेल तो थांबून सांगणार, "बाई, काठी चुकीच्या हातात धरलीय." रिक्षावाल्यानं सांगितलं, भाजीवालीनं सांगितलं. एका निवृत्त गुरुजींनी तर काठी माझ्या हातातून काढून उजव्या हातात दिली. जिना मात्र सगळ्यांना पाठ असतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

डिसेंबरात माहेरी मोठी काकू गेली. आई लवकर गेल्यावर आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं होतं. गाडीची पुढची सीट मागं सरकवून, खाली उशी घेऊन मी गेले. आमच्याकडं मयताच्या घरी बायका दारातूनच हंबरडा फोडत जातात, आत जाऊन गळ्यात पडतात, आणि मग सगळ्या एकमेकींना धरून खालीच बसतात. कुणाचं डोकं कुणाच्या खांद्यावर, कुणाचा पदर कुणाच्या हातात, काही कळत नाही. मी वाड्यात शिरले तर कुणीतरी मंडपातली खुर्ची आणून दिली, तीही उंबऱ्याजवळ, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या खाली आणि मी एकटी वर. पाहणीला आलेल्या साहेबासारखं वाटलं. चुलत बहीण उठून माझ्याकडं आली, गळ्यात पडायला वाकली, मग माझ्या ऑपरेशनची आठवण होऊन मध्येच थबकली. काय करावं ते तिलाही कळेना आणि मलाही. शेवटी ती खाली बसली आणि माझ्या डाव्या गुडघ्याला धरून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वडीलधाऱ्या बाईनं ठेवावा तसा. ती माझ्यापेक्षा मोठी आहे.

तिथं मला रडू आलं नाही. रात्री घरी, उताणं पडल्यावर आलं. उताण्या माणसाचं पाणी दोन्ही कानांत जातं. काकूसाठी किती रडले आणि त्या खुर्चीसाठी किती, ते मला वेगळं करता येत नाही, आणि आता करायचंही नाही.

जानेवारीत येळवस आली. ही वेळा अमावस्या लातूर-धाराशिवकडची, बाकीच्या महाराष्ट्राला फारशी ठाऊक नाही. त्या दिवशी लातूर ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पाच पांडव म्हणून मांडलेले दगड, आंबिलीचं बिंदगं म्हणजे मडकं, भज्जी, उंडे, खीर. जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. रानात खुर्ची टाकून बसलेली बाई व्हायचं नव्हतं मला, एकदा बसले होते तेवढं पुरे होतं. पण दिरांनी न विचारता आदल्या दिवशीच बाज नेऊन टाकली होती. जुनी, सुंभाची, आखाड्यावरची. तिच्या पायांखाली दगड. काही न बोलता माझ्या आधी तिच्यावर सासूबाई जाऊन बसल्या, मग जाऊ, मग पोरं. पत्रावळ्या बाजेवरच आल्या. भज्जी सांडली, सुंभात खीर मुरली. बाजेची दोरी खाली झुकायची म्हणून माझ्याखाली दोन गोधड्या दुमडून घातल्या होत्या, त्यामुळं तिथंही मी सगळ्यांपेक्षा चार बोटं उंचच. पण त्या दिवशी ते बोचलं नाही. का बोचलं नाही, याचा विचार मी केलाय. मला वाटतं, मयताच्या घरी मला खुर्ची दिली होती, रानात सगळे माझ्या उंचीला आले होते.

मग शाळा. रजा, फिटनेस सर्टिफिकेट, बिलांची फाईल. वैद्यकीय बिलाच्या फायलीनं माझ्यापेक्षा जास्त पायपीट केली, ती कहाणी इथं नको. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, चौथी घ्या. चौथीला खुर्चीवरून शिकवता येतं." त्यांच्या मनात चांगलंच होतं. मी पहिलीच मागितली. सुताराकडून एक बाकडं करून घेतलं, मला बसता येईल एवढं उंच, आणि त्याला जोडून पोरांनी उभं राहून लिहावं अशी फळी. हात धरून गिरवून घ्यायचा तर पोरगं माझ्याजवळ उभं राहतं. खाली बसून जी पोरं पेंगायची ती उभ्यानं पेंगत नाहीत, हा फायदा मला कुणी सांगितला नव्हता.

पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "बाई, तुमचा पाय लोखंडाचा हाय?" मी म्हणाले, लोखंडाचा नाही, टायटॅनियमचा, आणि अख्खा पाय नाही, आतला एक तुकडा. वर्गात चर्चा झाली. दुपारच्या सुटीनंतर एक शिष्टमंडळ वरच्या वर्गाच्या विज्ञान पेटीतलं चुंबक घेऊन आलं. मी साडीवरून लावू दिलं. चिकटलं नाही. टायटॅनियमला चुंबक धरत नाही हे मी सांगून पाहिलं, पण पोरांचं मत पडलं की डॉक्टरनं बाईला फसवलंय.

आता वर्षं उलटली आहेत. चालते, शाळेचा जिना काठीशिवाय चढते. जखमेच्या बाजूला हातभर जागा अजून बधिर आहे, ती बहुधा तशीच राहील. जोडवी पुन्हा घातली, सासूबाईंच्या हातून. फिजिओच्या मुलानं मला खाली जायला आणि वर यायलाही शिकवलं आहे. खुर्ची धरून आधी ऑपरेशनच्या बाजूचा गुडघा टेकवायचा, चांगला पाय पुढं ठेवायचा, उठताना त्या पायावर जोर द्यायचा. पडले तर उठता यावं म्हणून शिकवलंय, बसायची परवानगी म्हणून नाही. काही सर्जन काही पेशंटना पुढं जपून खाली बसू देतात. माझ्या डॉक्टरांनी मांडी नकोच म्हटलंय आणि मी ते ऐकते. कुणाचं बघून मी करत नाही, माझं बघून कुणी करू नये. ज्यानं खुबा बसवला त्यालाच विचारावं.

एव्हीएन बऱ्याचदा दोन्ही खुब्यांना धरतो. पहिल्या एमआरआयमध्येच डाव्या गोळ्यात एक डाग दिसला होता. तो अजून तेवढाच आहे, गोळा शाबूत आहे, मधूनमधून फोटो काढून बघायचं एवढंच. परवा हे म्हणाले, पलंगाखालच्या विटा आता काढू, पाहुण्यांना बरं दिसत नाही. मी म्हटलं, राहू द्या, चादर जरा लांब घालू.